औंध संस्थान आणि माणदेशी साहित्य : दिलेल्या स्वराज्याचे चित्रण

प्रस्तावना :

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील औंध हे गाव आज प्रामुख्याने तीन गोष्टींसाठी ओळखले जाते. डोंगरावरील यमाईचे मंदिर, त्याच डोंगरावरील श्री भवानी वस्तुसंग्रहालय आणि पंतप्रतिनिधींचे राजघराणे या त्या तीन गोष्टी होत. या गावाशी निगडित असलेली चौथी गोष्ट मात्र लोकस्मरणात फारशी उरलेली नाही. २१ जानेवारी १९३९ रोजी या छोट्या संस्थानच्या राजाने आपला राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपविणारी घटना जाहीर केली. महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली ही घटना ‘औंधचा प्रयोग’ या नावाने इतिहासात नोंदली गेली आहे. मंदिर लक्षात राहिले, राजा लक्षात राहिला, राजाने जमविलेली चित्रे लक्षात राहिली. परंतु राजाने दिलेले स्वराज्य विस्मरणात गेले. असे का झाले असावे?

प्रयोगाचे आयुष्य अवघे नऊ वर्षांचे होते, ८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, हे याचे एक उत्तर आहे. ते चुकीचे नाही. परंतु ते पुरेसेही नाही. दुसरे उत्तर या संस्थानच्या मातीतून निर्माण झालेल्या साहित्यात शोधता येते. औंध संस्थानच्या आटपाडी महालाने मराठीला तीन महत्त्वाचे लेखक दिले. ग. दि. माडगूळकर, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात हे ते तीन लेखक. तिघेही अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते अनुक्रमे १९७३ (यवतमाळ), १९८३ (अंबाजोगाई) आणि १९८४ (जळगाव) या वर्षी. एकाच दुष्काळी मुलखातील या तिघांच्या लेखनात एकाच संस्थानची तीन वेगवेगळी रूपे उमटली आहेत. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) ही कादंबरी, ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरील ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा हिंदी चित्रपट आणि शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) हे आत्मचरित्र यांच्या आधारे या रूपांचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

१. देवी, गादी आणि गाव :

औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्याचे मूळ पुरुष परशुराम त्रिंबक हे किन्हईचे कुलकर्णी. छत्रपती राजारामांच्या काळात त्यांचा उत्कर्ष झाला आणि पुढे प्रतिनिधिपद त्यांच्या घराण्यात वंशपरंपरेने चालू राहिले. ‘प्रतिनिधी’ या शब्दाचा अर्थ येथे लक्षात घेण्यासारखा आहे. हे पद छत्रपतींच्या वतीने कारभार पाहणाऱ्याचे होते. म्हणजे या घराण्याची सत्ता आरंभापासूनच दुसऱ्याच्या नावाने चालविलेली सत्ता होती. छत्रपतींची सत्ता मावळल्यानंतर प्रतिनिधी स्वतःच संस्थानिक झाले. यमाई ही घराण्याची कुलदेवता. तिची स्थाने किन्हई आणि औंध या दोन्ही ठिकाणी आहेत.

औंधच्या भूगोलातच सत्तेची एक उतरंड दिसून येते. डोंगरमाथ्यावर देवी, पायथ्याशी राजवाडा आणि त्याभोवती गाव अशी ही रचना आहे. देवीचा आशीर्वाद गादीला आणि गादीचा आश्रय गावाला, असा सत्तेचा प्रवाह वरून खाली वाहतो. भक्त देवळात दर्शनासाठी जातो, तसाच रयतेतील माणूस राजाच्या दर्शनासाठी जातो. दोन्ही ठिकाणी मागणे असते, गाऱ्हाणे असते आणि मिळाले तर कृतज्ञता असते. हक्क या कल्पनेला या नात्यात जागा नसते.

१९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव पंतप्रतिनिधी हे या परंपरेतील असामान्य राजे होते. ते पदवीधर होते, चित्रकार होते, कीर्तनकार होते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला त्यांनी मोठे आर्थिक साहाय्य केले. कुंडलजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये कारखान्यासाठी जागा मिळाली ती त्यांच्याच राज्यात. वेदाभ्यासक श्री. दा. सातवळेकर यांना त्यांनी औंधला आश्रय दिला. सूर्यनमस्काराच्या प्रसारासाठी त्यांनी पुस्तके लिहिली आणि संस्थानच्या शाळांतून सूर्यनमस्कार सक्तीचे केले. १९३५ च्या इंदूर येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. राजा स्वतः गुणी असेल आणि प्रजेचे हित जाणत असेल, तर वरून खाली येणारी सत्ता किती कल्याणकारी ठरू शकते, याचे औंध हे उत्तम उदाहरण होते. म्हणूनच या सत्तेची दिशा उलटी करण्याचा निर्णय अधिक महत्त्वाचा ठरतो.

२. १९३९ ची घटना आणि साक्षरतेची अट :

सुमारे ५०० चौरस मैल क्षेत्र, ७२ गावे आणि पाऊण लाखाच्या आसपास लोकवस्ती असा या संस्थानचा विस्तार होता. तोही सलग नव्हता. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे विखुरलेले तुकडे होते. या गावांतून स्वराज्य उभारण्याची कल्पना भवानरावांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून भारतात आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी पुढे नेली. फ्रीडमन यांनी ‘भारतानंद’ हे नाव धारण केले होते. गांधीजींशी चर्चा होऊन घटनेला आकार आला. प्रत्येक गावात निवडून आलेली पंचायत, पंचायतींच्या प्रमुखांची तालुका पंचायत आणि तालुक्यांच्या प्रतिनिधींचे विधिमंडळ अशी तिची रचना होती. उत्पन्नाचा मोठा हिस्सा तालुक्यातच खर्च व्हावा आणि न्याय गावातच मिळावा, असाही तिचा आग्रह होता. स्वतंत्र भारतात बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये सुचविलेल्या त्रिस्तरीय पंचायत राज्याची ही एक पूर्वखूण म्हणता येईल.

डोंगरावरून उतरणारी सत्ता गावातून वर चढावी, असे हे परिवर्तन होते. मात्र या चढाच्या पहिल्याच पायरीवर एक अट होती. मताधिकाराला साक्षरतेची जोड देण्यात आली होती. मताच्या ओढीने लोक अक्षरे शिकतील, अशी गांधीजींची अपेक्षा होती. हेतू उदात्त होता. परंतु त्यामुळे नागरिकत्वाचे दार शाळेच्या दारातून जाऊ लागले. शाळा कोठे आहे, तिच्यात कोण येऊ शकतो, कोणाला मेंढरांमागे जावे लागते आणि कोणाला गावकीच्या कामाला, हे प्रश्न केवळ शिक्षणाचे उरले नाहीत. ते राजकीय प्रश्न झाले. या साहित्यकृतींकडे या दृष्टीने पाहिले असता त्यांचे आजवर दुर्लक्षित राहिलेले अंग दिसू लागते.

३. ‘बनगरवाडी’ : शाळा, तालीम आणि राजाचे येणे :

‘बनगरवाडी’ची चर्चा मराठी समीक्षेत बहुधा प्रादेशिक कादंबरी, निसर्गचित्रण आणि संयत निवेदनशैली या अंगांनी झाली आहे. कादंबरीत राजकारण नाही, असेही सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. या गृहीतकाचा फेरविचार करणे आवश्यक आहे.

माणदेशातील एका धनगरवाडीत संस्थानच्या शाळेवर नेमलेला राजाराम विठ्ठल सौंदणीकर हा तरुण मास्तर या कादंबरीचा निवेदक आहे. त्याची पहिली अडचण मुले मिळविण्याची आहे. मेंढरे राखणारी मुले शाळेत आली तर मेंढरे कोण राखणार, हा वाडीचा प्रश्न आहे आणि तो अज्ञानातून आलेला नसून पोटातून आलेला आहे. हळूहळू मास्तर वाडीची कामे करू लागतो. कागद वाचून दाखवणे, लिहून देणे, तंट्यात सल्ला देणे ही कामे त्याच्याकडे येतात. अक्षर ओळखणारा तो एकटा असल्यामुळे सरकार आणि वाडी यांच्यामधला दुवा तोच ठरतो. साक्षरतेला मताधिकाराशी बांधणाऱ्या संस्थानात वाडीतील ही स्थिती बोलकी आहे. जेथे वाचता येणारा माणूस बाहेरून नेमून पाठवावा लागतो, तेथे साक्षरांचे स्वराज्य ही गोष्ट वाडीपासून किती दूर असेल, हे कादंबरी कोठेही न बोलता सांगते.

वाडीला स्वतःचे राजकारण आहे. वृद्ध कारभारी हा तिचा प्रमुख. त्याला निवडून दिलेले नाही; वय, अनुभव आणि शब्दाचे वजन यांवर त्याची सत्ता उभी आहे. तो मास्तराला स्वीकारतो म्हणून वाडी मास्तराला स्वीकारते. पुढे मुलगी अंजी हिच्या निमित्ताने कारभाऱ्याच्या मनात मास्तराविषयी गैरसमज उभा राहतो, तेव्हा शाळेचा आधारच डळमळतो. दादूसारखा विरोधकही वाडीत आहे. गावाच्या एकमतावर विसंबणारी ग्रामस्वराज्याची कल्पना प्रत्यक्षात कोणत्या माणसांवर, कोणत्या रागालोभांवर तोललेली असते, याचे इतके सूक्ष्म चित्रण राज्यशास्त्राच्या ग्रंथात सापडणे कठीण आहे.

मास्तराच्या पुढाकाराने वाडी तालीम बांधते आणि तिच्या उद्घाटनासाठी खुद्द राजा येतो. हा प्रसंग कादंबरीचा उत्कर्षबिंदू आहे. वाडीच्या आयुष्यातील तो सण ठरतो. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, तालीम ही वाडीने आपल्या श्रमाने उभी केलेली सार्वजनिक वास्तू आहे. ग्रामस्वराज्याचा खरा अर्थ सांगणारी कोणती कृती कादंबरीत असेल, तर ती हीच आहे. दुसरी अशी की, ही कृती पूर्ण होते ती राजाच्या येण्याने. वाडीने बांधले, पण ते पावन झाले राजाच्या दर्शनाने. शरीरसाधनेचा ध्यास घेतलेल्या राजाला तालमीचे कौतुक वाटणे स्वाभाविक होते; परंतु स्वतःच्या कर्तृत्वाला वरून मान्यता मिळाल्याखेरीज ते खरे न मानणारे वाडीचे मन हा या प्रसंगाचा गाभा आहे. पंचायत कादंबरीत अवतरत नाही, राजा अवतरतो. प्रयोगाच्या विस्मरणाचे कारण या एका निवडीत साठवलेले आहे.

कादंबरीचा शेवट या कारणाला आणखी एक बाजू जोडतो. कारभारी मरतो, दुष्काळ पडतो, माणसे मेंढरांसह वाडी सोडून जातात आणि मुलांवाचून शाळा बंद होते. राजाची सदिच्छा खरी होती, मास्तराची तळमळ खरी होती. पण पाऊस पडला नाही. माणदेशात कोणत्याही सत्तेला ज्या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावे लागते, तो पाण्याचा प्रश्न होता आणि घटनेच्या कलमांना त्याचे उत्तर देणे शक्य नव्हते.

४. ‘दो आँखें बारह हाथ’ : प्रयोगातून हरवलेले संस्थान :

औंधच्या प्रयोगाचा एक भाग म्हणून १९३९ मध्ये आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्या कैद्यांनी भिंतींविना राहावे, शेती करावी आणि विश्वासाच्या बळावर माणूस म्हणून उभे राहावे, ही कल्पना होती. तिच्या उभारणीत फ्रीडमन यांचा पुढाकार होता. त्याच मुलखात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी या कल्पनेवर कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी तिचा चित्रपट केला. सहा कैदी, ओसाड जमीन आणि आदिनाथ नावाचा जेलर एवढ्या सामग्रीवर उभा असलेला हा चित्रपट १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गौरविला गेला.

चित्रपटाच्या यशाबद्दल दुमत नाही. तथापि प्रयोगाकडून चित्रपटाकडे येताना काय गळाले, हेही पाहिले पाहिजे. कथेत संस्थानी संदर्भ उरत नाही आणि ज्या राजकीय रचनेतून स्वतंत्रपूर जन्माला आले ती रचनाही उरत नाही. जे उरते ते एका सत्पुरुषाचे नैतिक सामर्थ्य. कैदी पळून जात नाहीत, कारण जेलरचे डोळे आपल्याला पाहत आहेत असे त्यांना वाटते. जेलर मरण पावतो, तरी डोळ्यांचा धाक आणि आधार संपत नाही. मंदिरातील मूर्तीचे डोळे भक्तावर रोखलेले असतात, त्या दृष्टीशी या प्रतिमेचे नाते उघड आहे. कैद्यांचे परस्परांशी असलेले नाते, त्यांनी मिळून घेतलेले निर्णय, वसाहतीचे स्वतःचे नियम यांपेक्षा एका पाहणाऱ्याशी असलेले सहांचे नाते प्रबळ ठरते. स्वराज्य म्हणजे स्वतःच स्वतःवर चालविलेले राज्य. चित्रपटात मात्र ते दुसऱ्याच्या दृष्टीखालील राज्य होते. ही उणीव लेखकाच्या प्रतिभेची म्हणता येत नाही. समाजाला परिवर्तनाची गोष्ट कोणत्या साच्यात ऐकायला आवडते, याची ती खूण आहे. बनगरवाडीला राजा हवा होता. प्रेक्षकाला जेलर हवा होता.

५. ‘तराळ-अंतराळ’ : खालून दिसलेले राज्य :

शंकरराव खरातांचा जन्म आटपाडीच्या महारवाड्यात १९२१ मध्ये झाला. वडील गावचे तराळ. महारकीच्या या कामात सरकारी सांगावे पोचविणे, ओझी वाहणे, पहारे करणे अशा कितीतरी गोष्टी होत्या. त्या नाकारण्याची सोय नव्हती. वस्तीतून निघून लेखक वकील झाला, धम्मदीक्षेच्या चळवळीत राहिला, मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. ‘तराळ’ ते ‘अंतराळ’ हा शीर्षकातील प्रवास त्यातून आला आहे.

माडगूळकर बंधूंच्या कृतींशेजारी हे आत्मचरित्र ठेवले की संस्थानचे तिसरे रूप समोर येते. बनगरवाडीत राज्य एकदाच येते, तेही सणासारखे. महारवाड्यात राज्य रोज येते. ते पोलिसाच्या आवाजात येते, पाटलाच्या निरोपात येते, अपरात्री दिलेल्या हाकेत येते. विहिरीतील प्रेताची राखण करणाऱ्या आणि पुढे ते काढण्यासाठी विहिरीत उतरावे लागणाऱ्या वडिलांचा प्रसंग खरातांच्या लेखनातील सर्वाधिक परिचित प्रसंगांपैकी आहे. जीव धोक्यात घालून करावयाचे हे काम कोणी करावयाचे, याविषयी त्या ठिकाणी कोणाच्याही मनात शंका नसते. ज्याच्या अंगावर राज्याचा भार पडतो, त्याला राज्याच्या उदारतेची कथा वेगळी ऐकू येते.

येथे न्याय्य मूल्यमापनाचा प्रश्न उपस्थित होतो. संस्थानने शाळा काढल्या, त्या शाळांमुळेच आटपाडीच्या महारवाड्यातील मुलाला अक्षर मिळाले, हे अमान्य करता येणार नाही. भवानरावांची सुधारणावादी दृष्टी खोटी नव्हती. परंतु महारकीचे वतन हे राजाच्या इच्छेपेक्षा जुने आणि चिवट होते. मुंबई राज्यात ते रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ मध्ये. म्हणजे १९३९ च्या घटनेने गावाला स्वराज्य दिले, तेव्हा गावातील तराळाची हाक तशीच चालू होती. गाव हा घटक एकसंध मानून त्याच्या हाती सत्ता देताना गावाच्या आतल्या उतरंडीचे काय करायचे, हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत उपस्थित केलेला प्रश्न औंधच्या संदर्भातही टाळता येत नाही. खरातांचे आत्मचरित्र घटनेवर टीका करीत नाही. ते केवळ विहिरीत उतरलेला माणूस दाखवते. घटनेच्या मर्यादेवरचे ते सर्वात परखड भाष्य ठरते.

६. दिलेले आणि घेतलेले स्वराज्य :

याच संस्थानच्या कुंडल भागात १९४२ नंतर एक वेगळा अध्याय घडला. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारचे कुंडल हे प्रमुख केंद्र होते. गावोगावच्या न्यायदान मंडळांनी तंटे सोडविले आणि सावकारी व गुंडगिरीला आळा घातला. पत्री सरकार म्हणून त्याची आठवण लोकांच्या बोलण्यात, पोवाड्यांत आणि भाषणांत दीर्घकाळ टिकली. एकाच संस्थानच्या भूमीत थोड्याच वर्षांच्या अंतराने स्वराज्याचे दोन प्रयोग झाले. एक सनदेने दिला गेला, दुसरा धोका पत्करून घेतला गेला. पहिल्याच्या स्मृतीत दाता उरला. दुसऱ्याच्या स्मृतीत घेणारे उरले.

हा भेद करताना पहिल्या प्रयोगाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. राजाने आपणहून सत्ता सोडावी ही घटना दुर्मीळ आहे. परंतु देणे आणि घेणे यांत नुसता राजकीय फरक नसतो, सांस्कृतिक फरकही असतो. देणाऱ्याची पूजा करणे सोपे असते, कारण त्यासाठी मंदिर तयार असते. घेतलेले टिकवण्यासाठी सवय लागते आणि ती सवय नऊ वर्षांत, एका दुष्काळी मुलखात, साक्षरतेच्या उंबरठ्यावर घडणे अवघड होते.

निष्कर्ष :

१. औंधच्या प्रयोगाचे विस्मरण केवळ त्याच्या अल्पायुष्यामुळे झाले नाही. देवी आणि गादी यांच्याभोवती घडलेल्या दर्शनाच्या संस्कृतीत हक्कापेक्षा कृपेची आठवण टिकते, हे त्याचे महत्त्वाचे कारण आहे.

२. ‘बनगरवाडी’ ही राजकारणविरहित कादंबरी नाही. शाळा, कारभारी आणि तालीम यांच्याद्वारे ती ग्रामस्वराज्याची शक्यता आणि अडचण दोन्ही दाखवते.

३. ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये प्रयोगाचा नैतिक आशय टिकला, त्याची राजकीय चौकट गळून पडली.

४. ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मचरित्र संस्थानकडे खालून पाहते आणि गाव या संकल्पनेच्या आतील विषमता उघड करते. औंधचे कोणतेही मूल्यमापन या साक्षीवाचून अपुरे राहील.

७३ व्या घटनादुरुस्तीनंतर ग्रामपंचायतींना घटनात्मक स्थान मिळाले आहे. आज पंचायत ही कोणा राजाची देणगी नाही. तरीही गावात रस्ता झाला तर तो कोणी ‘दिला’, असेच फलकावर लिहिले जाते आणि उद्घाटनाला कोणीतरी यावे लागते. औंधच्या डोंगरावर यमाईचे दर्शन घेऊन, संग्रहालयातील चित्रे पाहून परतणाऱ्या प्रवाशाला १९३९ च्या त्या सनदेची आठवण होण्याचे कारण क्वचितच पडते. बनगरवाडीची तालीम कोणी बांधली, हा प्रश्न विचारण्याची सवय वाचकाला लागली, तर ते विस्मरण काही अंशी तरी भरून निघेल.